पत्रकारिता, राजकारण आणि जनसंपर्क यांतील व्यवसायांतर (महाराष्ट्र)

पत्रकारिता, राजकारण आणि जनसंपर्क यांतील व्यवसायांतर म्हणजे वृत्तमाध्यमे, राजकीय पक्ष व लोकप्रतिनिधित्व आणि शासकीय किंवा खासगी प्रसिद्धीचे काम या तीन क्षेत्रांपैकी एकातून दुसऱ्यात व्यक्तीने केलेला कायमचा किंवा तात्पुरता प्रवेश होय. संपादकाने निवडणूक लढवणे, राजकीय नेत्याने वृत्तपत्र काढणे, पत्रकाराने मंत्र्याचा माध्यम सल्लागार किंवा पक्षाचा प्रवक्ता होणे आणि अशा कामानंतर पुन्हा लेखनाकडे वळणे, ही त्याची प्रमुख रूपे आहेत. महाराष्ट्रात ही परंपरा मराठी वृत्तपत्रसृष्टीइतकीच जुनी आहे. तिचे अनेक आरंभीचे प्रवर्तक जन्माने किंवा घराण्याने तत्कालीन रत्नागिरी जिल्ह्यातील होते.

हे व्यवसायांतर बेकायदेशीर नाही आणि बहुतेक उदाहरणांत ते उघडपणे झालेले आहे. एखादी व्यक्ती विशिष्ट वेळी कोणाच्या वतीने लिहीत अथवा बोलत आहे, हे वाचकाला कळते की नाही, हा त्याविषयीच्या वादाचा मुख्य मुद्दा आहे. राजधानीच्या शहरांत हा प्रश्न पदांच्या अदलाबदलीतून निर्माण होतो. देवरूखसारख्या तालुक्याच्या गावी बातमीदारी, जाहिरात आणि राजकीय संबंध एकाच व्यक्तीच्या ठायी एकत्र येऊ शकतात, त्यामुळे तेथे त्याचे स्वरूप वेगळे दिसते.

संकल्पना

तिन्ही क्षेत्रांचे साधन एकच आहे, ते म्हणजे लोकांपर्यंत पोहोचणारा शब्द. त्यांचे उत्तरदायित्व मात्र भिन्न आहे. पत्रकार वाचकाला, लोकप्रतिनिधी मतदाराला आणि जनसंपर्क अधिकारी आपल्या नियोक्त्याला उत्तरदायी असतो. जनसंपर्क अधिकाऱ्याने दिलेली माहिती खरी असणे अपेक्षित असते, परंतु ती कोणत्या क्रमाने, कोणत्या वेळी आणि कोणत्या बाजूने मांडावी याचा निर्णय नियोक्त्याच्या हिताने ठरतो. पत्रकाराकडून याच्या उलट अपेक्षा असते. त्यामुळे एका क्षेत्रातील कौशल्य दुसऱ्यात उपयोगी पडले, तरी निष्ठेचा विषय बदलतो.

जनसंपर्क हा स्वतंत्र व्यवसायही पत्रकारितेतूनच उदयास आला. अमेरिकेतील आयव्ही ली हे मूळचे वृत्तपत्रांचे बातमीदार होते. १९०६ मध्ये त्यांनी प्रसिद्धीकार्याची तत्त्वे जाहीर केली. आपले काम उघडपणे चालेल आणि दिलेली माहिती अचूक असेल, असा त्यांचा आशय होता. भारतात पब्लिक रिलेशन्स सोसायटी ऑफ इंडिया ही या व्यवसायातील व्यक्तींची संघटना १९५८ मध्ये स्थापन झाली.

इतिहास

एकोणिसावे शतक

पहिले मराठी वृत्तपत्र 'दर्पण' ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत निघाले. त्याचे संपादक बाळशास्त्री जांभेकर हे पोंभुर्ले येथील होते. हे गाव त्या काळी रत्नागिरी जिल्ह्यात होते आणि आता सिंधुदुर्ग जिल्ह्यात मोडते. जांभेकर एल्फिन्स्टन संस्थेत अध्यापक होते, म्हणजे संपादन हा त्यांचा एकमेव व्यवसाय नव्हता. ६ जानेवारी हा दिवस महाराष्ट्रात पत्रकार दिन म्हणून पाळला जातो.

संपादक आणि राजकीय नेता या भूमिका एकाच व्यक्तीत एकवटण्याचे सर्वांत ठळक उदाहरण बाळ गंगाधर टिळक यांचे आहे. रत्नागिरी येथे १८५६ मध्ये जन्मलेल्या टिळकांनी सहकाऱ्यांसह जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' आणि 'मराठा' ही पत्रे सुरू केली. 'केसरी'चे पहिले संपादक गोपाळ गणेश आगरकर होते. सामाजिक सुधारणांच्या प्रश्नावर मतभेद झाल्यावर आगरकर बाहेर पडले आणि १८८८ मध्ये त्यांनी 'सुधारक' काढले. टिळक १८९५ मध्ये मुंबई प्रांताच्या कायदेमंडळावर निवडून आले. १८९७ आणि १९०८ मध्ये त्यांच्यावर झालेल्या राजद्रोहाच्या खटल्यांचा आधार 'केसरी'तील लेखनच होते. त्यांना पहिल्या खटल्यात दीड वर्षाची, तर दुसऱ्यात सहा वर्षांची शिक्षा झाली.

गुहागर तालुक्यातील कोतळूक येथे जन्मलेले गोपाळ कृष्ण गोखले यांनी 'सुधारक'च्या इंग्रजी विभागाचे आणि सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकाचे संपादन केले होते. १८९९ मध्ये ते मुंबई कायदेमंडळात आणि त्यानंतर केंद्रीय कायदेमंडळात गेले. टिळकांनंतर 'केसरी'ची धुरा वाहणारे नरसिंह चिंतामण केळकर १९२३ ते १९२९ या काळात केंद्रीय विधिमंडळाचे सदस्य होते.

या पिढीच्या बाबतीत 'व्यवसायांतर' हा शब्द मर्यादित अर्थानेच लागू पडतो. पत्र हे चळवळीचे मुखपत्र असे, आणि ही गोष्ट वाचकापासून लपलेली नसे. वर्गणी भरणारा वाचक पत्राची बाजू जाणूनच ते घेत असे.

विसाव्या शतकाचा पूर्वार्ध

बाबासाहेब आंबेडकर यांचे घराणे मंडणगड तालुक्यातील आंबडवे या गावचे होते. प्रस्थापित पत्रांत अस्पृश्यांच्या प्रश्नांना जागा मिळत नसल्याने त्यांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' सुरू केले. पुढे 'बहिष्कृत भारत' (१९२७), 'जनता' (१९३०) आणि 'प्रबुद्ध भारत' (१९५६) ही पत्रे निघाली. १९२७ पासून ते मुंबई कायदेमंडळाचे नियुक्त सदस्यही होते. ज्या समाजगटाला राजकीय प्रतिनिधित्व आणि वृत्तपत्रीय अवकाश दोन्ही नाकारले गेले होते, त्याच्यासाठी ही दोन कामे परस्परांपासून वेगळी करणे शक्य नव्हते, हे या उदाहरणातून दिसते. कामगार चळवळीत श्रीपाद अमृत डांगे यांनी १९२२ मध्ये 'सोशलिस्ट' हे साप्ताहिक काढले. १९५७ आणि १९६७ मध्ये ते मुंबईतून लोकसभेवर निवडून गेले.

संयुक्त महाराष्ट्र आणि शिवसेना

प्रल्हाद केशव अत्रे यांनी १५ नोव्हेंबर १९५६ रोजी दैनिक 'मराठा' सुरू केले. हे पत्र संयुक्त महाराष्ट्र चळवळीचे प्रमुख व्यासपीठ ठरले आणि अत्रे १९५७ मध्ये विधानसभेवर निवडून आले.

बाळ ठाकरे यांनी 'फ्री प्रेस जर्नल'मध्ये व्यंगचित्रकार म्हणून काम केल्यानंतर १३ ऑगस्ट १९६० रोजी 'मार्मिक' हे व्यंगचित्र साप्ताहिक काढले. या साप्ताहिकाच्या वाचकवर्गातून १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. पक्षाचे दैनिक 'सामना' १९८८ मध्ये सुरू झाले. साप्ताहिकातून पक्ष आणि पक्षातून दैनिक, असा हा क्रम आहे. उद्धव ठाकरे नोव्हेंबर २०१९ मध्ये मुख्यमंत्री झाल्यावर 'सामना'च्या संपादकपदावरून दूर झाले, १ मार्च २०२० पासून रश्मी ठाकरे यांचे नाव संपादक म्हणून प्रसिद्ध होऊ लागले आणि मुख्यमंत्रिपद गेल्यानंतर ऑगस्ट २०२२ मध्ये उद्धव ठाकरे पुन्हा संपादक झाले. शासकीय पद आणि संपादकपद एकाच वेळी धारण करू नये, हा संकेत पक्षाच्या मुखपत्रातही पाळला गेल्याचे हे उदाहरण आहे.

व्यवसायांतराचे प्रकार

पत्रकारितेतून राजकारणात

स्वातंत्र्योत्तर काळात बाजू न घेणारे व्यावसायिक दैनिक ही कल्पना रुजल्यानंतर संपादकाचा राजकारणातील प्रवेश हा वेगळा टप्पा मानला जाऊ लागला. 'लोकसत्ता'चे माजी संपादक आणि नाटककार विद्याधर गोखले १९८९ मध्ये मुंबईतून शिवसेनेतर्फे लोकसभेवर निवडून गेले. संजय निरुपम (१९९६), प्रीतीश नंदी (१९९८), संजय राऊत (२००४) आणि भारतकुमार राऊत (२००८) हे पत्रकार शिवसेनेतर्फे राज्यसभेवर गेले. यांपैकी निरुपम यांनी पुढे पक्ष बदलला आणि २००९ मध्ये ते काँग्रेसतर्फे लोकसभेवर निवडून आले. 'महाराष्ट्र टाइम्स' व 'लोकसत्ता' यांचे माजी संपादक कुमार केतकर २०१८ मध्ये काँग्रेसतर्फे राज्यसभेवर गेले.

यांतील बहुसंख्य व्यक्ती राज्यसभेत, म्हणजे आमदारांच्या मतांनी निवडल्या जाणाऱ्या सभागृहात गेल्या. थेट मतदारांसमोर जाऊन यश मिळवणाऱ्या अलीकडच्या पत्रकारांमध्ये इम्तियाज जलील यांचा समावेश होतो. दूरचित्रवाणी पत्रकार असलेले जलील २०१४ मध्ये औरंगाबाद मध्य मतदारसंघातून विधानसभेवर आणि २०१९ मध्ये औरंगाबादमधून लोकसभेवर निवडून आले.

राजकारणातून पत्रकारितेत

उलट दिशेचा प्रवास दोन प्रकारे होतो. पहिल्या प्रकारात राजकीय व्यक्ती वृत्तपत्राची मालकी घेते किंवा ते स्थापन करते. स्वातंत्र्यसैनिक आणि पुढे राज्याचे मंत्री झालेले जवाहरलाल दर्डा यांनी 'लोकमत' हे दैनिक १९७१ मध्ये नागपुरातून सुरू केले. त्यांचे पुत्र विजय दर्डा १९९८ ते २०१६ या काळात राज्यसभेचे सदस्य होते. कोकणातील नेते आणि माजी मुख्यमंत्री नारायण राणे यांच्या पुढाकाराने २००८ मध्ये 'प्रहार' हे दैनिक निघाले.

दुसऱ्या प्रकारात सक्रिय राजकारण आटोपल्यावर व्यक्ती संपादनाकडे वळते. समाजवादी नेते ग. प्र. प्रधान हे पुणे पदवीधर मतदारसंघातून १८ वर्षे विधान परिषदेचे सदस्य होते आणि तेथे विरोधी पक्षनेतेही होते. त्यानंतर त्यांनी 'साधना' साप्ताहिकाच्या संपादनाची जबाबदारी घेतली. हे साप्ताहिक १५ ऑगस्ट १९४८ रोजी साने गुरुजींनी सुरू केले होते. साने गुरुजींचा जन्म दापोली तालुक्यातील पालगड येथील होता.

पत्रकारितेतून जनसंपर्कात

हा प्रकार संख्येने मोठा, परंतु नोंदींच्या दृष्टीने सर्वांत कमी दृश्य आहे. निवडून आलेल्या पत्रकाराचे नाव राजपत्रात येते, तर कंपनीचा, कारखान्याचा किंवा नेत्याचा प्रसिद्धीप्रमुख झालेल्या पत्रकाराची कोठे नोंद होतेच असे नाही. राष्ट्रीय पातळीवर पंतप्रधानांच्या माध्यम सल्लागारांची उदाहरणे परिचित आहेत. मनमोहन सिंग यांच्या कार्यकाळात संजय बारू, हरीश खरे आणि पंकज पचौरी या तीन पत्रकारांनी क्रमाने हे काम केले. त्यांपैकी बारू यांनी पद सोडल्यानंतर त्या काळाविषयी लिहिलेले पुस्तक २०१४ मध्ये प्रसिद्ध झाले. नियोक्त्याजवळ राहून मिळालेली माहिती पुन्हा लेखक म्हणून वापरावी काय, हा प्रश्न त्या निमित्ताने चर्चेत आला.

तिन्ही क्षेत्रांतील वावर

कुलदीप नय्यर यांनी गोविंद वल्लभ पंत व लाल बहादूर शास्त्री यांचे माहिती अधिकारी म्हणून काम केले. नंतर ते वृत्तसंस्था आणि वृत्तपत्रांत संपादकीय पदांवर राहिले, १९९० मध्ये ब्रिटनमध्ये भारताचे उच्चायुक्त झाले आणि १९९७ मध्ये राज्यसभेवर नियुक्त झाले. बी. जी. व्हर्गीज हे १९६६ ते १९६९ या काळात इंदिरा गांधी यांचे माहिती सल्लागार होते. त्यानंतर 'हिंदुस्तान टाइम्स'चे संपादक असताना त्यांनी त्याच सरकारवर टीका केली. १९७७ ची लोकसभा निवडणूक त्यांनी केरळमधून लढवली, परंतु त्यांचा पराभव झाला. शासकीय प्रसिद्धीच्या कामानंतर स्वतंत्र पत्रकारिता शक्य असते, याचा दाखला म्हणून व्हर्गीज यांचे उदाहरण दिले जाते.

महाराष्ट्रात प्रमोद महाजन यांची कारकीर्द या संदर्भात लक्षणीय आहे. त्यांनी पत्रकारितेचे शिक्षण घेतले होते आणि 'तरुण भारत'मध्ये उपसंपादक म्हणून काम केले होते. पुढे ते भारतीय जनता पक्षाचे राष्ट्रीय नेते आणि केंद्रात माहिती व प्रसारण मंत्री झाले. २००४ च्या लोकसभा निवडणुकीत 'इंडिया शायनिंग' या प्रसिद्धीमोहिमेशी त्यांचे नाव निकटचे जोडले गेले. त्या निवडणुकीत सत्ताधारी आघाडीचा पराभव झाला.

शासकीय जनसंपर्क यंत्रणा

राज्य शासनाची प्रसिद्धी माहिती व जनसंपर्क महासंचालनालयामार्फत होते. 'लोकराज्य' हे शासनाचे मासिक याच विभागातर्फे निघते. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा माहिती अधिकारी असतो. शासकीय प्रसिद्धिपत्रके काढणे, मंत्र्यांच्या दौऱ्यांचे वार्तांकन सुलभ करणे आणि स्थानिक पत्रकारांशी संपर्क ठेवणे ही त्याची कामे होत. पत्रकारांना दिली जाणारी अधिस्वीकृती आणि ज्येष्ठ पत्रकारांसाठी असलेली बाळशास्त्री जांभेकर यांच्या नावाची सन्मान योजना यांचे प्रशासनही याच विभागाकडे आहे. म्हणजे शासनाची बाजू मांडणारी यंत्रणाच पत्रकाराच्या शासकीय मान्यतेचे कामही पाहते.

या खात्यातील अधिकारी शासकीय सेवक असल्याने त्यांना सेवेत असताना राजकीय पक्षाचे काम करता येत नाही. मंत्र्यांच्या कार्यालयांत बाहेरून घेतले जाणारे माध्यम सल्लागार आणि समाजमाध्यमे हाताळणाऱ्या खासगी संस्था यांमुळे मात्र ही सीमा अस्पष्ट होते. मे २०२१ मध्ये तत्कालीन उपमुख्यमंत्र्यांच्या समाजमाध्यम खात्यांसाठी सुमारे ६ कोटी रुपये खर्चून बाहेरील संस्था नेमण्याचा शासन निर्णय निघाला होता. शासनाचा स्वतःचा जनसंपर्क विभाग असताना हा खर्च कशासाठी, अशी टीका झाल्यावर तो दुसऱ्याच दिवशी मागे घेण्यात आला.

रत्नागिरी जिल्हा आणि देवरूख

देवरूख हे संगमेश्वर तालुक्याचे मुख्यालय आहे. तालुक्याला संगमेश्वर गावाचे नाव असले, तरी तहसील कार्यालय देवरूख येथे आहे. गावाचा कारभार नगरपंचायतीकडे आहे. पूर्वी संगमेश्वर हा स्वतंत्र विधानसभा मतदारसंघ होता. २००८ च्या पुनर्रचनेत तो रद्द झाला आणि देवरूख चिपळूण मतदारसंघात समाविष्ट झाले. लोकसभेसाठी ते रत्नागिरी-सिंधुदुर्ग मतदारसंघात, तर विधान परिषदेसाठी कोकण पदवीधर आणि कोकण शिक्षक या मतदारसंघांत येते. जिल्हा माहिती अधिकाऱ्याचे कार्यालय रत्नागिरी येथे आहे.

अशा गावात बातमी प्रामुख्याने तालुका वार्ताहराकडून येते. तो सहसा वृत्तपत्राचा पूर्णवेळ पगारी कर्मचारी नसतो. त्याला अल्प मानधन मिळते आणि मिळवून दिलेल्या जाहिरातींवर कमिशन मिळते. शेती, दुकान, शिकवणी किंवा अन्य व्यवसाय हे त्याच्या उपजीविकेचे मुख्य साधन असते. वाढदिवस, सण आणि निवडणुकीच्या काळात निघणाऱ्या पुरवण्यांसाठी जाहिराती देणारे बहुधा स्थानिक पुढारी, पतसंस्था, शिक्षणसंस्था आणि ठेकेदार असतात. ज्यांच्या कारभारावर त्याने लिहावे अशी अपेक्षा असते, तेही हेच लोक असतात. पुढाऱ्याच्या कार्यक्रमाचे प्रसिद्धिपत्रक लिहून देणारा आणि त्याच कार्यक्रमाची बातमी पाठवणारा एकच असणेही अशक्य नसते. या ठिकाणी व्यवसायांतर हा कारकिर्दीतील टप्पा राहत नाही. एकाच दिवसात भूमिका अनेकदा बदलू शकते आणि तिची नोंद कोठेही होत नाही.

दुसरीकडे, अशा वार्ताहराला लोक ओळखत असतात. त्याचे नातेसंबंध, पक्षीय कल आणि उपजीविका गावाला ठाऊक असते, त्यामुळे स्थानिक वाचक त्याच्या बातमीचे मोल त्यानुसार ठरवू शकतो. हीच बातमी मुंबईत राहणाऱ्या चाकरमान्यापर्यंत वृत्तपत्रातून किंवा भ्रमणध्वनीवर पोहोचते, तेव्हा ही पार्श्वभूमी तिच्यासोबत जात नाही.

जिल्ह्यात मोठे औद्योगिक प्रकल्प आल्यावर या प्रश्नाला वेगळे परिमाण मिळाले. गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्पाच्या एन्रॉन कंपनीच्या एका अधिकाऱ्याने १९९५ मध्ये अमेरिकी प्रतिनिधिगृहाच्या समितीपुढे दिलेल्या साक्षीत, प्रकल्पविकास आणि संबंधितांच्या 'प्रबोधना'साठी सुमारे २ कोटी डॉलर खर्च केल्याचे सांगितले होते. हा खर्च नेमका कशावर झाला, यावरून भारतात मोठा वाद झाला. पुढे जैतापूर अणुऊर्जा प्रकल्प आणि राजापूर तालुक्यातील प्रस्तावित तेलशुद्धीकरण प्रकल्प यांच्या वेळीही समर्थक आणि विरोधक या दोन्ही बाजूंनी प्रसिद्धीचा वापर झाला.

राजापूर येथील पत्रकार शशिकांत वारिशे यांना ६ फेब्रुवारी २०२३ रोजी मोटारीने धडक दिली गेली आणि दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. तेलशुद्धीकरण प्रकल्पाच्या एका समर्थकाने लावलेल्या, राजकीय नेत्यांची छायाचित्रे असलेल्या फलकांविषयी त्यांची बातमी त्याच सुमारास प्रसिद्ध झाली होती. त्याच व्यक्तीवर खुनाचा गुन्हा दाखल झाला. प्रकल्पाची प्रसिद्धी, राजकीय ओळखी आणि स्थानिक बातमीदारी यांचा संबंध तालुका पातळीवर किती गंभीर होऊ शकतो, याकडे या घटनेने राज्याचे लक्ष वेधले.

कारणे

या व्यवसायांतराची पुढील कारणे सांगितली जातात.

कौशल्याची समानता: थोडक्यात व वेळेत लिहिणे, लोकांचे प्रश्न ओळखणे आणि भाषण किंवा निवेदन तयार करणे ही कामे तिन्ही क्षेत्रांत लागतात.

परिचय: विधिमंडळ, पक्ष किंवा जिल्हा परिषद यांचे वार्तांकन करणाऱ्या पत्रकाराचा पुढाऱ्यांशी नित्य संबंध येतो.

आर्थिक असुरक्षितता: भाषिक वृत्तपत्रांतील कमी वेतन, कंत्राटी नेमणुका आणि आवृत्त्या बंद होणे यांमुळे मध्यम वयातील पत्रकार जनसंपर्काकडे वळतात.

प्रभावाची इच्छा: प्रश्न मांडण्याऐवजी तो सोडवण्याच्या जागी जावे, अशी भूमिका राजकारणात गेलेले अनेक पत्रकार घेतात.

पक्षांची गरज: वृत्तवाहिन्या आणि समाजमाध्यमांच्या वाढीनंतर पक्षांना प्रवक्ते आणि मजकूर तयार करणारे लोक सतत लागतात. २०२४ च्या विधानसभा निवडणुकीत अजित पवार यांच्या पक्षाने गुलाबी रंगाभोवती आखलेल्या प्रचारासाठी व्यावसायिक संस्थेचे साहाय्य घेतले होते.

कायदेशीर चौकट

पत्रकाराने राजकारणात जाण्यास किंवा प्रसिद्धीचे काम स्वीकारण्यास भारतीय कायद्यात बंदी नाही आणि मध्ये काही काळ थांबण्याचे बंधनही नाही. राज्यघटनेच्या अनुच्छेद १०२ व १९१ नुसार शासनातील लाभाचे पद धारण करणारी व्यक्ती सभागृहाच्या सदस्यत्वास अपात्र ठरते. खासगी वृत्तपत्राचे संपादकपद या व्याख्येत येत नाही.

अनुच्छेद ८० नुसार राष्ट्रपती साहित्य, विज्ञान, कला आणि समाजसेवा या क्षेत्रांतील व्यक्तींची राज्यसभेवर नियुक्ती करतात. अनुच्छेद १७१ नुसार राज्यपाल विधान परिषदेवर करत असलेल्या नियुक्त्यांसाठी याच क्षेत्रांसह सहकार चळवळीचाही उल्लेख आहे. पत्रकारितेचा स्वतंत्र उल्लेख दोन्ही ठिकाणी नाही, त्यामुळे पत्रकाराची नियुक्ती साहित्य किंवा समाजसेवा या सदरात करावी लागते.

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ हे शासकीय सेवकाच्या राजकीय सहभागावर आणि वृत्तपत्रांशी असलेल्या संबंधांवर निर्बंध घालतात. १९७८ च्या अधिनियमाखालील भारतीय वृत्तपत्र परिषद पत्रकारितेच्या आचारसंहितेचा भंग झाल्यास ताकीद देऊ शकते किंवा नापसंती व्यक्त करू शकते, परंतु दंड करू शकत नाही. दूरचित्रवाणी वाहिन्या तिच्या कक्षेत येत नाहीत. हितसंबंधितांच्या वतीने शासनाकडे पाठपुरावा करणाऱ्या व्यावसायिकांची नोंदणी सक्तीची करणारा कायदा भारतात नाही.

वाचकाला माहिती देणारी सर्वांत जुनी तरतूद वृत्तपत्राच्या अंकावरच असते. मुद्रक, प्रकाशक आणि संपादक यांची नावे अंकात छापावी लागतात. १९५६ च्या नियमांनुसार वृत्तपत्रे दर वर्षी फेब्रुवारीनंतरच्या पहिल्या अंकात मालकीविषयीचे निवेदनही प्रसिद्ध करत आली आहेत. या तरतुदींतून मालक कोण हे कळते. मात्र लेखक, स्तंभलेखक किंवा वार्ताहर अन्यत्र कोणाचे काम करतो, हे त्यांतून कळत नाही.

टीका आणि मतभेद

पेड न्यूज

२००९ च्या महाराष्ट्र विधानसभा निवडणुकीत उमेदवारांची प्रशंसा करणारा जवळपास सारखाच मजकूर वेगवेगळ्या दैनिकांत बातमीच्या रूपात आल्याचे पत्रकार पी. साईनाथ यांनी 'द हिंदू'मधून दाखवून दिले. वृत्तपत्र परिषदेने परंजय गुहा ठाकुरता आणि के. श्रीनिवास रेड्डी यांची उपसमिती नेमली. तिचा सविस्तर अहवाल २०१० मध्ये तयार झाला, परंतु परिषदेने प्रथम त्याचे संक्षिप्त रूपच स्वीकारले. मूळ अहवाल केंद्रीय माहिती आयोगाच्या आदेशानंतर २०११ मध्ये उघड झाला. माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना निवडणूक खर्चाच्या हिशेबाबाबत आयोगाने २०१४ मध्ये दिलेली नोटीस दिल्ली उच्च न्यायालयाने त्याच वर्षी रद्द केली.

या प्रकरणानंतर निवडणूक आयोगाने जिल्हा पातळीवर माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समित्या नेमण्याची पद्धत रूढ केली. संशयास्पद मजकुराचा खर्च उमेदवाराच्या खात्यात धरण्याची शिफारस या समित्या करू शकतात. त्यांचे काम निवडणुकीच्या काळापुरते मर्यादित असते.

बाजूचे आणि विरोधातील युक्तिवाद

व्यवसायांतराचे समर्थक तीन मुद्दे मांडतात. पहिला, पत्रकारालाही अन्य नागरिकांप्रमाणे निवडणूक लढवण्याचा व व्यवसाय निवडण्याचा हक्क आहे. दुसरा, प्रश्नांची जाण असलेली व्यक्ती सभागृहात गेल्याने तेथील चर्चेचा दर्जा वाढतो. तिसरा, टिळक, गोखले आणि आंबेडकर यांच्या परंपरेत या भूमिका कधीच पूर्णतः अलग नव्हत्या.

टीकाकारांच्या मते ही तुलना अपुरी आहे. त्या काळातील संपादक आपले मत स्वतःच्या पत्रात, स्वतःच्या जबाबदारीवर मांडत होते आणि त्यासाठी तुरुंगवासही पत्करत होते. आजचा पत्रकार तटस्थ म्हणवणाऱ्या पत्रात लिहीत असताना भविष्यातील पदाचा विचार करत असेल, तर त्याचे लेखन आधीपासूनच प्रभावित होऊ शकते. पदावर गेल्यानंतरच्या वर्तनापेक्षा पद मिळण्यापूर्वीचे लेखन त्यामुळे अधिक तपासले जावे, असे ते मानतात. परत येणाऱ्या पत्रकाराबाबतही हीच शंका घेतली जाते. ब्रिटनमध्ये 'डेली मिरर'चे माजी पत्रकार ॲलिस्टर कॅम्पबेल १९९४ मध्ये टोनी ब्लेअर यांच्याकडे गेले आणि २००३ पर्यंत त्यांच्या प्रसिद्धीची सूत्रे सांभाळत राहिले. माजी सहकाऱ्यांच्या सवयी ठाऊक असलेला माणूस शासनाच्या बाजूला बसला की बातमीवर किती ताबा मिळवू शकतो, याची चर्चा तेथे दीर्घकाळ चालली.

दोन्ही पक्षांचे एका गोष्टीवर साधारण एकमत दिसते. व्यवसायांतरावर बंदी व्यवहार्य नाही, परंतु ते जाहीर असावे. लेखाखाली लेखकाचे पद, पक्ष किंवा सल्लागारपद नमूद करणे, जाहिरातवजा मजकुरावर तसा स्पष्ट उल्लेख छापणे आणि निवडणूक लढवणाऱ्या पत्रकाराने त्या काळात वार्तांकनातून दूर राहणे हे उपाय सुचवले जातात. तालुका पातळीवर मात्र हे उपाय वार्ताहराला पुरेसे मानधन मिळण्याशी निगडित आहेत. जाहिरात मिळवणे हीच ज्याची कमाई आहे, त्याला जाहिरातदारापासून दूर राहण्यास सांगणे केवळ आचारसंहितेने साधणारे नाही.

हेही पाहा

मराठी वृत्तपत्रांचा इतिहास
दर्पण (वृत्तपत्र)
केसरी (वृत्तपत्र)
भारतीय वृत्तपत्र परिषद
महाराष्ट्र विधान परिषद
देवरूख
संगमेश्वर तालुका